पोहोचल्यावर ठरेल

आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी घर बघतात. मुलगा बघून झालेला असतो, मुलीने तर तो आपल्या कितीतरी आधी बघितलेला असतो, तरी पाच माणसांनी जाऊन घर बघितल्याशिवाय सोयरीक ठरली असं कुणी म्हणत नाही. स्वयंपाकघरात डोकवायचं, पाण्याची टाकी बघायची, शेजाऱ्याला बाजूला घेऊन हळूच विचारायचं, कपभर चहाच्या पुढे काही तोंडात घालायचं नाही आणि निघताना ‘कळवतो’ म्हणायचं. खालापुरात स्थळ मागच्या आळीत असलं तरी पाच माणसं इस्त्रीचे कपडे घालून मागच्या आळीत जातात. माझ्या समिधाचं स्थळ मॉरिशसला निघालं, यात रीतीचा काही दोष नाही.

समिधा कळंबच्या एका रिसॉर्टवर हिशोबाचं काम बघते. तिथे नवीन नावाचा, राघू आडनावाचा मुलगा काम शिकायला म्हणून काही महिने आला होता. त्याचे खापरपणजोबा कोकणातूनच कुठूनतरी बोटीत बसून उसाच्या मळ्यावर कामाला गेले आणि तिकडचेच झाले. त्यांचं नाव राघू. तिकडच्या साहेबाने तेच आडनाव म्हणून लिहून घेतलं, ते अजून चाललंय. मुलगा मराठी बोलतो, पण प्रत्येक वाक्य संपलं की बरोबर आलं का म्हणून आपल्या तोंडाकडे बघतो. अशा मुलावर रागावणं फार कठीण असतं.

मला मुलगा आवडला होता, हीच खरी अडचण होती. मॉरिशस नकाशात शोधायला गेलो तेव्हा मला तो शाईचा डाग वाटला. एकुलती एक मुलगी, आणि मध्ये एवढं पाणी! कळंबहून यायला तिला जरा उशीर झाला तरी मी नाक्यावर जाऊन उभा राहणारा माणूस. तिने विचारलं, “बाबा, तुमचं काय म्हणणं?” तर मी म्हणालो, “घर बघून ठरवू.” आणि मनातून मला वाटत होतं की त्या घरात काहीतरी खोट निघावी. भिंतीला ओल असावी, सासू खाष्ट असावी, निदान नळाला पाणी तरी नसावं. म्हणजे मला स्वच्छ मनाने नाही म्हणता आलं असतं. तिकडच्या लोकांना उत्तर हवं होतं, समिधाला उत्तर हवं होतं, आणि उत्तर माझ्या एकट्याच्या हातात होतं. ते हातातून सोडवत नव्हतं.

मी आणि संध्याने, म्हणजे माझ्या बायकोने, गुपचूप जाऊन यायचं असं मी ठरवलं होतं. बाकीच्या नातेवाइकांसाठी माझ्याकडे एक सुंदर वाक्य तयार होतं: व्हिसा मिळत नाही हो. या वाक्यात मोठी सोय आहे. कुणाचा अपमान होत नाही, कुणी रुसत नाही, सगळा दोष परक्या सरकारवर जातो. कळंबचा मेहुणा गजा टेंपोतून भाताचं पोतं घेऊन आला तेव्हा मी ते वाक्य पहिल्यांदा वापरलं.

“दाजी,” गजा म्हणाला, “मामाशिवाय घर बघायला गेलेलं कुठं ऐकलंय का? पर आता विसाच मिळत नाय तर तुमी तरी काय करनार.”

मी चेहरा पाडून म्हणालो, “काय करणार रे. एका घरातल्या दोघांनाच देतात.”

“कोण म्हणतं?” असा आवाज कुंपणापलीकडून आला.

हे भिवाजीराव. आमचे शेजारी. पतपेढीच्या सहलीतून एकदा बँकॉकला जाऊन आले आणि तेव्हापासून परदेश हे खातं त्यांच्याकडे आहे. आळीत कुणी पासपोर्टला अर्ज केला की पोलीस चौकशीच्या आधी भिवाजीराव येतात. हातातली झारी तशीच वाहत ठेवून ते म्हणाले, “मॉरिशसला आपल्या माणसाला व्हिसा ऑन अरायव्हल. आधी काही काढायचं नाही. विमानातून उतरायचं, काउंटरवर जायचं, ठप्पा! कितीही माणसं न्या.”

झारीचं पाणी त्यांच्या चपलेत जात होतं, तरी ते थांबले नाहीत. गजाने माझ्याकडे बघितलं. मी पोत्याकडे बघितलं.

“म्हंजे कुनीबी जाऊ शकतं?” गजाने विचारलं.

“पासपोर्ट असला की झालं.”

आता या पट्ट्यात कुणाकडे पासपोर्ट असेल, अशी माझी एक आशा होती. गजाकडे होता. तो मागे आखातात ड्रायव्हर म्हणून जाणार होता; त्याच्याआधी एजंटच कुठेतरी निघून गेला आणि पासपोर्ट कोरा राहिला. दुसऱ्या दिवशी कर्जतहून भागूबाई आत्या रिक्षा करून आली. ही माझ्या वडिलांची बहीण, घरातलं सगळ्यात मोठं माणूस. तिच्या लेकीचं बाळंतपण मस्कतला व्हायचं होतं तेव्हा तिचा पासपोर्ट काढलेला; बाळ शेवटी कर्जतलाच झालं. रिक्षातून उतरायच्या आधी तिने तो मला कमरेच्या पिशवीतून काढून दाखवला. “आता तुला काय सांगायचं ऱ्हायलंय का रं?” असं विचारलं. मला सांगायचं काहीच राहिलं नव्हतं. पाचवे स्वतः भिवाजीराव झाले, ‘अनुभवी माणूस बरोबर असावा’ म्हणून. सगळ्यांनी आपापली तिकिटंही आपणच काढली. माझं वाईट असं की या लोकांनी मला कंजूष म्हणवून घ्यायचीसुद्धा संधी दिली नाही.

मग नाक्यावर फ्लेक्स लागला. ‘मॉरिशस येथे घर बघण्यास जाणाऱ्या मंडळास हार्दिक शुभेच्छा’, शुभेच्छुक गजाभाऊ मित्रमंडळ. मध्यभागी काळा चष्मा लावलेला गजा, इतका मोठा की त्याच्या चष्म्यात फोटोग्राफर दिसत होता. वर कोपऱ्यात विमान. मी अगदी खाली, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो, आणि फ्लेक्स बांधायची दोरी नेमकी माझ्या कपाळातून ओवलेली. वधूपिता असा उल्लेख कुठेही नव्हता. पण त्या फ्लेक्सने एक केलं. चिकनवाल्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळे विचारू लागले, “कधी निघताय घर बघायला?” आता घर न बघता परत येणं म्हणजे खालापूर सोडून दुसरीकडे राहायला जाणं.

इथे माझ्या धंद्याविषयी सांगायला हवं. मी साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. कागद आधी, माल मागून, हा माझा धर्म. चलन नसेल तर मी मालकाच्या भाच्याचाही ट्रक गेटबाहेर उभा ठेवलेला आहे. अशा माणसाला हातात कागद नसताना परक्या देशाच्या गेटपर्यंत जायचं, आणि तिथे गेल्यावर तेच लोक गेटपास बनवणार, हे पचतच नव्हतं. म्हणून मी कर्जतच्या ट्रॅव्हल ऑफिसात जाऊन तिथल्या नम्रताला विचारलं, बाई, मला सगळं नीट सांगा.

“काका, काही नाही,” ती म्हणाली. “परतीचं तिकीट दाखवायचं आणि राहणार कुठे ते सांगायचं. हॉटेलचं बुकिंग, नाहीतर ज्यांच्याकडे उतरणार त्यांचं पत्र.”

इतकं सोपं होतं. मी घरी येऊन हे जाहीर केलं आणि ओट्यावर सभा भरली.

“हाटेल?” आत्या म्हणाली. “सोयऱ्याच्या गावात जाऊन लाजवर ऱ्हायाचं? त्यांचं नाक कापायला चाललाय का घर बघायला?”

“मग त्यांच्याकडेच उतरू. पत्र मागवतो.”

“खुळा का काय रं तू? पसंती नाय झाली आन त्यांच्या घरात झोपनार? एकदा त्यांचं जेवलास की नाय म्हनायला तोंड ऱ्हाईल का तुला?”

तिचं म्हणणं रीतीला धरून होतं. शिवाय मुलीचा बाप होऊन मी होणाऱ्या व्याह्याकडे राहायला जागा मागायची, हे माझ्याही मानेला जड जात होतं. म्हणजे हॉटेल नको आणि घरही नको. समिधा आतून म्हणाली, “बाबा, मी त्यांना एक मेल करायला सांगते, पाच मिनिटांत येईल.” तर आत्याने तिला गप्प केलं. “पोरीनं यात पडायचं नसतं गं. तू चा टाक.” समिधाने चहा टाकला, पण कप जरा जोरातच आपटले.

तोडगा भिवाजीरावांनी काढला. जाण्याआधी मोबाईलवर एक फॉर्म भरायचा होता, त्यात राहण्याच्या पत्त्याचा रकाना होता. तिथे त्यांनी इंग्रजीत ‘पोहोचल्यावर ठरेल’ असं लिहून टाकलं. “व्हिसा ऑन अरायव्हल आहे ना? मग पत्ताही ऑन अरायव्हल!” आम्हाला ते पटलं. आमच्याकडे कुणाच्या घराला नंबर असतो? स्टँडवर उतरायचं आणि विचारायचं. असा माल माझ्या गेटवर आला असता तर मी ट्रक मागे फिरवला असता, हे मला कळत होतं. पण मी त्या वेळी स्टोअरकीपर नव्हतो, मुलीचा बाप होतो, आणि बापाला सगळेच घाबरवत असतात.

मग भिवाजीरावांनी सगळ्यांची तालीम घेतली. स्वतः खुर्चीत बसून ते परदेशी अधिकारी झाले आणि आम्ही एकेक पुढे जायचं. “कशाला आलात?” विचारलं की “टुरिझम” म्हणायचं. गजाने छान म्हटलं. संध्या लाजली. आत्या म्हणाली, “फिरायला? माझे गुडघे बघितलंस का? मी खोटं बोलनार नाय. सोयरीक बघायला आलोय म्हनून सांगीन.” भिवाजीरावांनी तिला व्हिसा नाकारला. तिने भिवाजीरावांना चहा नाकारला.

निघायच्या दिवशी समिधा फाटकाशी उभी होती. घर बघताना हे बघा, ते बघा, असं ती काही म्हणाली नाही. माझा चष्मा काढून घेतला, ओढणीने पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला. “पत्ता आणि नवीनच्या बाबांचा नंबर तुमच्या फोनवर पाठवलाय,” ती हळूच म्हणाली. “आत्याआजीला सांगू नका.”

विमानात आत्याने जेवणाचं ताट परत केलं आणि तांदळाच्या भाकऱ्या नि सुकटीची चटणी सोडली. चार रांगांना कळलं की आम्ही रायगडचे आहोत. पुढच्या सीटवरचा टायवाला गृहस्थ वळला तेव्हा मी माफी मागायच्या तयारीत होतो, तर त्याने भाकरी मागितली. त्याला दिली, त्याच्या शेजाऱ्याला दिली, आणि उतरताना खाण्याच्या वस्तू बाहेर नेता येणार नाहीत म्हटल्यावर उरलेल्या हवाई सुंदरीला दिल्या. आत्याच्या वाट्याला अर्धी आली. पण ती खुशीत होती. परदेश अजून सुरू व्हायचा होता.

तो काउंटरवर सुरू झाला. काचेमागे एक शांत चेहऱ्याच्या बाई होत्या. पाचही पासपोर्ट मी एकदम सरकवले, जसे गेटवर पाच प्रतींत चलन सरकवतात. परतीची तिकिटं त्यांनी बघितली, मान हलवली. मला हायसं वाटलं. मग त्यांनी समोरच्या पडद्यावर काहीतरी वाचलं, परत वाचलं आणि इंग्रजीत विचारलं, “तुम्ही कुठे राहणार, ते पोहोचल्यावर ठरेल?”

“यस,” भिवाजीराव मागून म्हणाले. “ऑन अरायव्हल.”

“अराइव्ह तर तुम्ही झालात,” बाई म्हणाल्या.

मी घाईघाईने फोन काढून राघूसाहेबांचा पत्ता दाखवला. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की परत गेल्यावर त्याचा निकाल लागणार हे मला समजलं. बाईंनी पत्ता उतरवून घेतला आणि या वेळी हिंदीत साधा प्रश्न विचारला, “हे तुमचे कोण?”

“फ्रेंड,” भिवाजीराव म्हणाले.

“सोयरे,” आत्या म्हणाली. हिंदीतला ‘कौन’ तिला कळला होता.

“टुरिझम,” गजा म्हणाला. त्याचं तेवढंच पाठ होतं.

“अजून कोणी नाहीत,” मी म्हणालो. खरं तेच होतं.

बाईंनी आम्हा पाचांकडे आळीपाळीने बघितलं आणि आम्हाला बाजूच्या खोलीत बसायला सांगितलं. खोली चांगली होती, खुर्च्यांना गाद्या होत्या. पण तिच्या काचेतून बाहेरची रांग दिसत होती. आमच्या मागची हाफपँटवाली मंडळी, जिच्यातल्या एकाच्या पायात धड चप्पलही नव्हती, हसत हसत ठप्पा घेऊन बाहेर पडत होती. आणि मी, कोट घातलेला, बूट पॉलिश केलेला, ज्याच्या सहीशिवाय साजगावात खिळा हलत नाही असा माणूस, इथे अडवलेला माल होऊन बसलो होतो. “बँकॉकला असं नव्हतं,” भिवाजीराव म्हणाले. गजा म्हणाला, “दाजी, परत पाठवलं तर फलेक्स आदी उतरवायला पायजेल.” संध्याने पदर घट्ट धरला होता.

थोड्या वेळाने त्या बाई स्वतः आल्या. आता त्या सगळंच हिंदीत बोलत होत्या. राघूसाहेबांना फोन लावून त्यांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. खालापूरचे पाचजण आलेत, तुम्ही ओळखता का, असं विचारलं. “हो हो,” पलीकडून आवाज आला, “आम्ही बाहेरच उभे आहोत. आमचं घर बघायला आलेत.” तुमचे कोण लागतात? मग राघूसाहेब एकेक शब्द जपून म्हणाले, “ते मला सांगता येणार नाही, मॅडम. ते त्यांनी सांगायचं. मुलीकडच्यांचा मान असतो. त्यांच्याआधी आम्ही म्हणणं बरं नाही.”

“मानूस रीतीचा हाय,” आत्या खुश होऊन म्हणाली.

मला त्या माणसाचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी त्याला हलवून सांगावंसं वाटलं की बाबा रे, एवढा सभ्यपणा नको. बाईंनी फोन ठेवला. त्या चिडल्या नव्हत्या, हे जास्त कठीण होतं. “बघा,” त्या म्हणाल्या, “ते म्हणतात तुम्ही ठरवणार. तुम्ही म्हणता घर बघून ठरवणार. घर बघायला तुम्हाला इथून बाहेर जावं लागेल. आणि बाहेर सोडायचं तर तुमची जबाबदारी कोणाची, कोण लागतात ते तुमचे, हे मला इथे लिहावं लागेल. काय लिहू?”

सगळे माझ्याकडे बघत होते. घरातली ओल, सासूचा स्वभाव, नळाचं पाणी, ज्यांच्या भरवशावर मी समुद्र ओलांडून आलो होतो त्यातलं काहीच आता माझ्या मदतीला येणार नव्हतं. हो म्हणायचं होतं ते इथेच, गादीच्या खुर्चीत बसून. नाही म्हटलं तरी इथेच. आणि नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. मला फक्त मुलगी लांब जायला नको होती.

“अहो, सांगा ना,” संध्या म्हणाली. “माझं तर केव्हाच ठरलंय.”

“केव्हा?”

“तो आपल्याकडे जेवला आणि कुणी न सांगता ताट उचलून मोरीत नेऊन विसळलं, तेव्हा.”

“मला बोलली नाहीस!”

“तुम्हाला घर बघायचं होतं ना.”

मी बाईंकडे वळलो. “लिहा,” मी म्हणालो. “व्याही.”

“म्हणजे?”

“फॅमिली,” मी म्हणालो. “आमची फॅमिली आहे ती.”

बाईंनी ते लिहून घेतलं. मग एकामागून एक ठप्पे पडले. इतका छोटा आवाज होता त्यांचा. शेवटचा पासपोर्ट माझ्या हातात देताना त्या पहिल्यांदा हसल्या आणि “मुबारक हो” म्हणाल्या. समिधाचं लग्न ठरल्याबद्दल पहिलं अभिनंदन मला परक्या सरकारकडून मिळालं.

बाहेर येताच गजाने मला थांबवलं. “दाजी! पर घर बघायचं ऱ्हायलं की!”

बॅगांच्या पट्ट्याशी उभं राहून, विमानतळाच्या वायफायवर मी समिधाला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

“बाबा, पोचलात? घर बघितलंत?”

“नाही गं. अजून विमानतळावरच आहे.”

“मग?”

“ठरलं.”

“काय ठरलं?”

“सगळंच. झाली पसंती.”

“न बघता?” तिचा आवाज एवढासा झाला होता.

“तू मुलगा बघितलायस ना,” मी म्हणालो.

वायफाय गेलं असं मला वाटलं. मग नाक ओढल्याचं ऐकू आलं, आणि मला चष्मा काढावा लागला. तो पुसायला तिथे कोणाची ओढणी नव्हती, म्हणून कोटालाच पुसला.

बॅगा आल्या. सरकत्या दारापलीकडे इस्त्रीचे कपडे घातलेली पाच माणसं एका ओळीत उभी होती. नवीन होता, त्याच्या शेजारी त्याच्यासारख्याच भुवयांचे राघूसाहेब. ते दोन पावलं पुढे आले, हात जोडले आणि मनातल्या मनात पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, “आता... घर बघायला चलणार ना?”

मी उत्तर देणार तोच भागूबाई आत्या मला बाजूला सारून पुढे झाली.

“घर ऱ्हाऊ द्या, व्याही,” ती म्हणाली. “जेवायला काय केलंय ते सांगा.”